रात्रीच्या मुक्कामाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्याच आठवड्यात निबंधाचा एक विषय हमखास येतो, 'मी सुट्टीत काय केले'. काही मुलं पानामागून पानं लिहितात. समुद्र, डोंगर, गाडीतली खिडकीची जागा. आणि काही मुलं पेन चावत बसतात आणि शेवटी शेजारच्या वहीतला समुद्र आपल्या वहीत उतरवून घेतात. हा निबंध बंद करावा, असं माझं ठाम मत आहे. कोण कुठे जाऊन आलं आणि कोण घरीच राहिलं, याची वर्गात जाहीर हजेरी घेण्याचं काहीच कारण नाही.

आजचा विषय हाच आहे. आपल्याच देशात फिरायला जाणं, चार दिवस मोकळे घालवणं काही तरुणांना सहज मिळतं. काहींना पंचविशी उलटली तरी ते मिळत नाही. परदेशाचं मी बोलतच नाही. रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर असलेलं ठिकाण, तेही न पाहिलेली कितीतरी मुलं-मुली आहेत.

फिरायला जायला काय लागतं? सवड लागते, रात्रीचा मुक्काम लागतो आणि घरून परवानगी लागते. तिकिटाचे पैसे लागतात, ते आलंच. पण तिकिटाबद्दल सगळे बोलतात, सवलती जाहीर होतात त्याही तिकिटावरच. मुक्कामाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर घरून डबा घेतला की भागतं. मुक्काम करायचा म्हटलं की गणित बिघडतं, कारण एका रात्रीच्या खोलीचं भाडं कित्येकदा जाण्यायेण्याच्या भाड्यालाही मागे टाकतं. ज्यांचे मामा-मावशी त्या गावी राहतात त्यांचं निभतं. फिरण्याजोग्या गावी नातेवाईक असणं, हीसुद्धा एक मिळकतच आहे, आणि ती सगळ्यांकडे नसते. म्हणून पुन्हा सांगते, अडतं ते रात्रीच्या मुक्कामापाशी.

आता एक गोष्ट सांगते. ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते. जन्म १८७४ सालचा, पूर्व प्रशियातला. शिक्षकाच्या नोकरीत ते पश्चिमेकडे, रूर भागात आले. तिथे कोळशाच्या खाणी, भट्ट्या आणि दिवसभर धूर. वर्गात बसलेली मुलं बहुतेक कामगारांची. या मुलांना ओढा शिकवायचा तर तो फळ्यावर काढून भागणार नाही, त्यांना ओढ्यापर्यंत न्यायला हवं, असं शिरमान मानत. म्हणून ते वर्ग घेऊन बाहेर पडत आणि चालता चालता शिकवत. १९०३ साली ते अल्टेना या गावी आले. लेने नदीच्या खोऱ्यातलं, तारेच्या कारखान्यांचं हे गाव. वर टेकडीवर एक जुना किल्ला. तो किल्ला लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

जाता जाता एक सांगते. चालणं हा शाळेत शिकवण्याचा विषय असायला हवा. धावण्याच्या शर्यती होतात, पहिला-दुसरा नंबर लागतो, पण दहा-बारा किलोमीटर शांतपणे, सोबतीने, पाठीवर आपलं सामान घेऊन कसं चालायचं, हे कोणीच शिकवत नाही. असो.

तर १९०९ चा ऑगस्ट महिना. शिरमान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आठ दिवसांच्या पायी सहलीला निघाले. अल्टेनाहून आखेन शहराकडे. २६ तारखेला ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळाने त्यांना गाठलं. विजा, गडगडाट आणि धो धो पाऊस. बरोबर भिजलेली, दमलेली मुलं. आणि रात्रीच्या आसऱ्याचा पत्ता नाही. परत फिरावं तर घर कितीतरी लांब.

त्या खोऱ्यातल्या एका गावात शाळा होती. सुट्टी असल्यामुळे ती रिकामी होती. तिथला वर्ग त्यांना उघडून मिळाला. एका शेतकऱ्याने अंथरायला पेंढा दिला आणि प्यायला दूध दिलं. झालं, मुलांची सोय लागली. पेंढ्यावर पडल्या पडल्या मुलं झोपून गेली.

शिरमान यांना मात्र झोप येईना. बाहेर वादळ चालू, आत मुलं गाढ झोपलेली, आणि या माणसाच्या डोक्यात एक विचार सुरू झाला. गावोगाव शाळा आहेत. सुट्टीत त्या बंद असतात. आणि मुलं फिरायला मोकळी असतात तीही नेमकी सुट्टीतच! मग या शाळा सुट्टीत मुलांच्या मुक्कामाला का देऊ नयेत? श्रोतेहो, नवी इमारत बांधायची नाही, जागा विकत घ्यायची नाही. इमारत आहे, छप्पर आहे, फक्त कुलूप उघडायचं आहे.

त्यांनी तिथल्या तिथे बारीकसारीक आखणीही केली. दोन वर्ग पुरेत. एक मुलांसाठी, एक मुलींसाठी. बाकं एकावर एक रचून बाजूला करायची, म्हणजे १५ जणांच्या अंथरुणांपुरती जागा होते. प्रत्येकाला पेंढा गच्च भरलेली गादी, एक उशी, दोन चादरी आणि एक घोंगडी. आपली झोपायची जागा ज्याने त्याने स्वच्छ ठेवायची. आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग पुढे आहे. अशी ठिकाणं एकमेकांपासून एका दिवसाच्या चालीवर असावीत. म्हणजे सकाळी निघालेलं पोर संध्याकाळी पुढच्या छपराखाली पोचलं पाहिजे. गाडीभाडं नसलेल्या मुलाच्या पायांचं माप घेऊन ही योजना आखली होती.

पुढच्या वर्षी, १९१० मध्ये, त्यांनी एका मोठ्या वर्तमानपत्रात लेख लिहून ही कल्पना मांडली. मदत येऊ लागली, पैसे आले, सामान आलं. सुट्टीत त्यांच्या स्वतःच्या शाळेतही मुलं मुक्कामाला येऊ लागली. आणि मग तो किल्ला! १९१२ साली अल्टेनाच्या त्या किल्ल्यात युवा वसतिगृह, म्हणजे फिरायला निघालेल्या मुलांना रात्रीच्या मुक्कामाची जागा, उघडलं, जगातलं पहिलं कायमचं युवा वसतिगृह. त्या वेळच्या दणकट लाकडी खाटा आजही तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. १९१९ मध्ये जर्मनीत या वसतिगृहांची देशव्यापी संस्था उभी राहिली. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅमला अनेक देशांची मंडळी जमली आणि आंतरराष्ट्रीय संघटना झाली. शिरमान तिचे अध्यक्ष झाले. मग नाझींनी जर्मनीतली वसतिगृहं आपल्या ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये शिरमान यांना अध्यक्षपद सोडायला भाग पाडलं. तरुण मुलं एकत्र येऊन मोकळेपणी फिरतात, याची हुकूमशहांना केवढी धास्ती असते बघा. युद्ध संपल्यावर या शिक्षकाने पुन्हा कामाला हात घातला. १९६१ मध्ये ते गेले.

ही गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी, की त्या रात्री त्या मुलांकडे तिकिटाची अडचणच नव्हती. ती पायीच निघाली होती. अडलं ते मुक्कामापाशी.

आता सवडीचं थोडक्यात सांगते. १९३६ सालीच फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. लिओ लाग्रांज नावाचे तरुण मंत्री होते, त्यांच्याकडे खेळ आणि फुरसतीचं खातं होतं. त्यांनी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली आणि लाखो माणसं सुट्टीला बाहेर पडली. आधी रजा आणि तिच्या जोडीला सवलत, म्हणून ते जमलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार केला. त्यात मोठ्यांना वर्षाला किमान सहा दिवस आणि १६ वर्षांखालच्या कामगारांना किमान बारा दिवस असं लिहिलं होतं. बारा, म्हणजे दुप्पट! वाढत्या वयाला विश्रांती जास्त लागते, हे तेव्हाही कळत होतं.

आणि आज? घरोघर सामान पोचवणारा मुलगा, दुकानात रोजावर उभी राहणारी मुलगी. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत. अशा तरुणाला तुम्ही अर्ध्या तिकिटाची सवलत दिलीत तर त्याने ती कधी वापरायची? चार दिवसांची सहल म्हणजे त्याच्यासाठी खर्च तर आहेच, शिवाय चार दिवसांची बुडालेली मजुरी आहे. घरात आजारी माणसाचं करणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलं-मुली यांना तर रजा द्यायलाही कोणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. आपल्याकडे मात्र ही मागणी केली की माणसं म्हणतात, आधी पोटापाण्याचं बघा. मला हे पटत नाही. विसावा हा श्रीमंतांचा शौक आहे, असं कष्टकऱ्यांच्या मुलांना सांगण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

राहिली परवानगी. ही अडचण मुलींची जास्त आहे. भाऊ बॅग उचलून मित्रांबरोबर निघतो आणि बहिणीला विचारलं जातं, कुठे उतरणार? तिथे कोण असेल? रात्री दार कोण लावतं? फोन कोणत्या नंबरावर करायचा? आईचे हे प्रश्न रास्त आहेत. 'काळजी करू नका' एवढ्याने ते मिटत नाहीत. त्यांना ठरलेला पत्ता लागतो, रात्री हजर असणारं जबाबदार माणूस लागतं, आत कडी असलेलं दार लागतं, स्वच्छ न्हाणीघर लागतं. म्हणजे बघा, परवानगीचा प्रश्नही फिरून मुक्कामापाशीच येतो. शिरमान यांच्या आखणीत मुलींचा वर्ग पहिल्या रात्रीपासून होता, मागाहून आठवण झाली म्हणून जोडलेला नव्हता.

शाळा सुट्टीत मुक्कामाला द्यायची म्हटलं की अडचणी निघतील. किल्ली कोणाकडे राहणार, झाडलोट कोण करणार, पाण्याचं काय, रात्री कोण थांबणार, चाकाच्या खुर्चीवरचं मूल पायऱ्या कशी चढणार. या अडचणी खऱ्या आहेत. पण एका बैठकीत बसून, माणसं नेमून सोडवता येतील अशाच आहेत. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, शाळेच्या समितीवर आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. दोनच वर्ग मागा, आणि तयारीला सुरुवात मुलींच्या खोलीपासून करा.

नमस्कार.