‘आमच्यावर विश्वास नाही का?’

(स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय दिलाय ‘युवक गटांतील बालसुरक्षेची पंचसूत्री’. पंचसूत्री हा शब्द संयोजकांचा, माझा नाही. सूत्रं किती निघतात ते शेवटी मोजू. त्याआधी मला एका प्रश्नाबद्दल बोलायचंय, कारण तो माझ्या डोक्यात घर करून बसलाय. जिथे जिथे या विषयावर बोलतो तिथे कुणीतरी विचारतंच, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’

मागच्या रांगेत हसताहेत ते नक्की गट चालवत असणार.

एका गटाच्या बैठकीला मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, आणि ओळखायला जाऊ नका, प्रत्येकाला तो आपलाच वाटेल. विषयपत्रिकेवर पहिला विषय तंबूंचा. मागच्या शिबिरात खुंट्या कमी भरल्या होत्या. त्यावर जी चर्चा झाली ती ऐकून मी थक्क झालो. तंबूंची वही निघाली. त्या वहीत देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, परत ठेवताना तिसऱ्याची सही. फाटला असेल तर कुठे फाटला त्याचं वर्णन. एका तंबूपुढे ‘चेन अडकते, हळू ओढणे’ असंही लिहिलेलं. मला खरंच कौतुक वाटलं. सार्वजनिक वस्तू अशाच जपायच्या असतात.

मग अगदी शेवटी, निम्मे लोक उठायच्या बेतात असताना, आमचा विषय आला. प्रस्ताव साधा होता. कुठल्याही कार्यक्रमात एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल, नजरेआड, असं असू नये. गटातल्या सगळ्यात जुन्या दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा टेबलावर आला की त्या गटात पुढचं बोलणं थांबतं, हे मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय केलं? आमच्यावर विश्वास नाही का?”

झालं! पुढचा सगळा वेळ दादांची समजूत काढण्यात गेला. “दादा, तुमच्याबद्दल कोण बोलतंय!” “दादा, हे नव्या पोरांसाठी आहे हो.” नवी पोरं तिथेच बसली होती, त्यांची समजूत काढायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी ठराव झाला, एकमताने झाला, आणि त्यात तीन शब्द घुसले: ‘ज्येष्ठ कार्यकर्ते वगळून’. आता बघा, सामानाच्या खोलीची किल्ली ज्येष्ठांकडे. गाडी ज्येष्ठांची. मुलांचे फोन नंबर ज्येष्ठांकडे. म्हणजे ज्यांना मुलांबरोबर एकटं राहायची संधीच मिळत नाही, नियम फक्त त्यांना लागू.

मी दादांना विचारलं, तंबूच्या वहीत तुम्ही सही करता? म्हणाले, करतो की, मीच सुरू केली ती वही. मग तुम्ही तंबू पळवाल असा कुणाला संशय आहे का? सगळे हसले, दादाही हसले. ठराव मात्र तसाच राहिला.

दादा सज्जन असतील, बहुधा आहेतच. पण ज्याचा हेतू वाईट असतो, तो मुलाआधी मोठ्यांचा विश्वास कमावतो. सगळ्यात आधी येतो, सगळ्यात शेवटी जातो, कुणी नको म्हणतं ती कामं अंगावर घेतो, पालकांना अडीअडचणीला हाक मारावीशी वाटते. मग एखाद्याच मुलाला जास्त वेळ, छोट्या भेटी, ‘हे आपल्या दोघांतच हं’. लैंगिक शोषणासाठी मुलाला असं हळूहळू जाळ्यात ओढणं, याला ग्रूमिंग म्हणतात. आणि अडचण अशी की या यादीतल्या पहिल्या निम्म्या गोष्टी उत्तम कार्यकर्त्यालाही लागू पडतात. चेहरा बघून कळत नाही, म्हणून तर नियम लागतो.

अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स या मुलांच्या संघटनेचं उदाहरण घ्या. मुलांच्या लैंगिक शोषणात संशयित किंवा दोषी कार्यकर्त्यांच्या गोपनीय फायली ती संघटना अनेक दशकं ठेवत होती. म्हणजे माहिती होती! २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून जास्त फायली लोकांसमोर आल्या. कित्येक प्रकरणं पोलिसांपर्यंत गेलीच नव्हती, संघटनेचं नाव जपायचं होतं. २०२० मध्ये संघटनेनं दिवाळखोरी जाहीर केली आणि ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी भरपाईचे दावे केले. नाव काय जपलं गेलं ते तुम्हीच बघा.

ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करायला शाही आयोग नेमला होता, त्याचा अंतिम अहवाल २०१७ चा. आयोगापुढे खासगीत बोललेल्या पीडितांना पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती. म्हणजे ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे वाक्य अभिमानाने सांगू नका. तक्रार नाही याचा अर्थ कदाचित मूल अजून मोठं व्हायचंय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता सूत्रं, पळत पळत.

माणूस घेताना दोन ठिकाणी फोन करून चौकशी करा, पोलीस पडताळणी करा, पण पडताळणीवर विसंबू नका. ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदला गेला नाही त्याचा कागद कोराच येणार. एकट्याने मुलांची जबाबदारी लगेच देऊ नका. एकांताचा नियम सगळ्यांना, अध्यक्षांनाही. खासगीत बोलायचं असेल तर दार उघडं आणि बाहेरून दिसेल अशी जागा. शिबिरात मोठ्यांची आणि मुलांची झोपायची जागा वेगळी, प्रवासात एकट्या मुलाला एकट्याच्या गाडीत नाही. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या मुलाकडे. सत्र संपतं, सगळे जातात, एकाचे पालक उशिरा येणार असतात, दप्तर पाठीला लावून ते मूल पायरीवर बसलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी थांबतो’. तिथे दोघांनी थांबायचं. रोज.

व्हॉट्सॲपवर मुलाला एकट्याला मेसेज नाही, पालक किंवा दुसरा कार्यकर्ता त्यात हवाच.

मुलानं काही सांगितलं तर ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. उलटतपासणी नको, ‘त्याने असं केलं का’ असे शब्द त्याच्या तोंडी घालू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळ टाका. ज्याच्याबद्दल सांगितलंय त्याला विचारायला जाऊ नका, आणि कृपा करून अंतर्गत समिती नेमू नका. आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा आहे, २०१२ चा. कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, नुसती शक्यता वाटली तरी. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा होते, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर ती एक वर्षापर्यंत.

अध्यक्ष उभे राहिले. एकच राहिलं. तक्रार कुणाकडे करायची, हे मुलांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि दोन नावं द्या. दुसरं नाव गटाबाहेरच्या माणसाचं हवं, कारण तक्रार पहिल्याबद्दलच असू शकते. आणि तो बाहेरचा माणूस अध्यक्षांचा मेहुणा नसावा. हो, हे विचारावं लागतं.