पैसा रियाधचा, लेखणी बैरूतची

निमंत्रणपत्रिकेवर ‘अरब वृत्तपत्रांचे राजकीय कल’ असा भारदस्त मथळा छापला आहे. पण तासाभरात वीस-बावीस देशांची वृत्तपत्रं उरकायची तर मला नुसती नावं वाचून दाखवावी लागतील. म्हणून आज एकच दैनिक घेतो, ‘अल-हयात’. ते आता निघत नाही, आणि बोलायला ही एक सोयच आहे. जन्मापासून शेवटापर्यंतचा सगळा हिशेब समोर आहे.

‘अल-हयात’बद्दल अरबी वाचकाला विचारलं तर दोन उत्तरं मिळायची. एक, सौदी राजपुत्राचा पेपर. दुसरं, अरबीतला सर्वांत वाचनीय पेपर. गंमत अशी की बरेचदा एकच माणूस ही दोन्ही उत्तरं एका दमात द्यायचा. आपल्याला वाटतं, यातलं एकच काहीतरी खरं असणार. एक तर पेपर विकला गेलेला असतो, नाहीतर स्वतंत्र असतो. माझं आजचं म्हणणं असं की इथे दोन्ही खरं होतं. राजपुत्राने पैसे मोजले ते या नावलौकिकासाठीच, आणि त्या नावलौकिकाचं काम उरलं नाही तेव्हा पेपरही राहिला नाही.

सुरुवात बैरूतपासून करू. २८ जानेवारी १९४६. लेबनॉनला स्वतंत्र होऊन जेमतेम दोन-अडीच वर्षं झालेली. दक्षिण लेबनॉनमधल्या एका शिया कुटुंबातला कामिल मरूवा नावाचा तिशीतला पत्रकार हे दैनिक काढतो. पुढे १९५२ मध्ये त्यानेच ‘डेली स्टार’ हे इंग्रजी पत्र सुरू केलं. त्या काळचं बैरूत म्हणजे अरब जगाचा छापखाना. ‘कैरो लिहितं, बैरूत छापतं, बगदाद वाचतं’ अशी म्हणच पडून गेली होती. त्यात १९६० मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी तिथली वृत्तपत्रं सरकारी अमलाखाली आणली. मग कैरोत जे बोलता येत नाही ते बैरूतमध्ये बोलायचं, असा रिवाजच झाला.

पण बोलायचं म्हणजे कोणाच्या पैशावर? लेबनॉन हा एवढासा देश, वाचक किती आणि जाहिराती किती. खप आणि जाहिरातींवर डझनावारी दैनिकं चालणं शक्यच नव्हतं. मग कोणी कैरोकडून घ्यायचं, कोणी रियाधकडून, कोणी बगदादकडून. पुढे लिबियाच्या त्रिपोलीचा पैसाही आला. चार्ल्स हेलू हे लेबनॉनचे राष्ट्राध्यक्ष, १९६४ ते १९७० या काळातले, स्वतः मुळात पत्रकार. त्यांचा एक किस्सा सांगतात. पत्रकारांचं शिष्टमंडळ भेटायला आलं तेव्हा ते म्हणाले, ‘या, या, तुमच्या दुसऱ्या मायदेशात तुमचं स्वागत असो.’ किस्सा शब्दशः खरा असो वा नसो, बैरूतमध्ये तो दोन पिढ्या टिकला, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो पटत होता.

या बाजारात मरूवा यांची बाजू उघड होती. नासरविरोधी, पाश्चात्त्यांकडे झुकलेली, सौदी राजघराण्याला जवळची. नासर यांच्या नावाने रस्ते दणाणत होते त्या दिवसांत ही भूमिका घेणं जिवावरचं होतं, आणि ते जिवावर बेतलंही. १६ मे १९६६ रोजी कार्यालयात घुसून मरूवा यांना गोळ्या घातल्या. संशयाचं बोट नासरवाद्यांकडे गेलं. इतिहास सांगताना हे आवर्जून नोंदवायला हवं, कारण ‘अल-हयात’चा सौदीकडे असलेला कल हा नंतर पैशाने चिकटवलेला नाही. तो संस्थापकापासूनचा आहे, आणि संस्थापकाने त्याची किंमत मोजली आहे. नंतरच्या काळात टीकाकार हे सोयीस्करपणे विसरले.

१९७५ मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध पेटलं आणि १९७६ मध्ये ‘अल-हयात’ बंद पडलं. बैरूतची पत्रकारिता उठून लंडन, पॅरिस, सायप्रसला गेली. लंडनमध्ये १९७८ साली ‘अश्शर्क अल-अवसत’ निघालं. मालक सौदी, मजकूर लंडनमध्ये तयार, पानं उपग्रहावरून पाठवून निरनिराळ्या शहरांत छापायची. त्याचा हिरवा कागद अरब जगातल्या कुठल्याही विमानतळावर लांबून ओळखू यायचा. १९८८ मध्ये कामिल यांचा मुलगा जमील याने ‘अल-हयात’ पुन्हा उभं केलं, तेही लंडनमधूनच. संपादक जिहाद खाझेन. आणि थोड्याच दिवसांत मालक म्हणून आले राजपुत्र खालिद बिन सुलतान. वडील सुलतान बिन अब्दुल अझीझ हे सौदीचे अनेक दशकांचे संरक्षणमंत्री. स्वतः खालिद १९९१ च्या आखाती युद्धात अरब फौजांचे सेनापती. म्हणजे पत्राचा मालक आणि युद्धातला सेनापती एकच. असा पेपर युद्धाबद्दल काय लिहिणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

इथे त्या युद्धाचं थोडं सांगतो, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्याची आठवण आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. तिथे अडकलेले भारतीय वाळवंट ओलांडून जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरले. एक लाखाहून अधिक माणसं, त्यांत कोकणातलीही. आता सौदीत काय चाललं होतं पाहा. शेजारचा अख्खा देश गिळला गेला, निर्वासितांच्या मोटारी सीमेवर येऊ लागल्या, आणि सौदीतली वर्तमानपत्रं पहिले दोन-तीन दिवस गप्प. वरून काय लिहायचं ते ठरलेलं नव्हतं. लोक रेडिओला कान लावून परदेशी बातम्या ऐकत होते. असा शहाणा वाचक घरच्या पेपरवर पुन्हा विश्वास ठेवायला तयार नसतो. सौदी पैसा देशाबाहेरच्या अरबी पत्रांत का वाहत राहिला याचं एक उत्तर मला इथे दिसतं. रियाधला असा पेपर हवा होता जो रियाधचा वाटणार नाही.

तो ‘अल-हयात’ने दिला. त्याच्या पानांवर कोण लिहायचं ते बघा. लेबनीज ख्रिश्चन, शिया, पॅलेस्टिनी, इराकी निर्वासित, जुने कम्युनिस्ट. हाझिम सागिया यांचं उदाहरण घ्या. डाव्या चळवळीतून आलेला, पुढे अरब राष्ट्रवादाची सालं काढणारा हा उदारमतवादी लेखक त्यात ‘तय्यारात’ नावाची साप्ताहिक पुरवणी चालवायचा. म्हणजे प्रवाह, आणि त्यात खरोखरच नाना प्रवाह एकमेकांशी भांडत असत. त्याच पेपरात जिहाद खाझेन ‘डोळे आणि कान’ या अर्थाच्या नावाचं सदर लिहायचे. इस्रायल आणि अमेरिकेतले युद्धखोर यांच्यावर त्यांची लेखणी सुटली की थांबायची नाही, पण आखाती राजांविषयी लिहिताना तिचा सूर घरच्या माणसासारखा व्हायचा. गस्सान शरबेल २००४ पासून बारा वर्षं संपादक होते. एकेका अरब मुत्सद्द्याला बसवून त्याच्याकडून आठवणी काढून घ्यायच्या आणि त्या हप्त्याहप्त्याने छापायच्या, ही त्यांची खासियत. इराकच्या, लिबियाच्या, पॅलेस्टाइनच्या अंतःपुरातल्या गोष्टी वाचायच्या तर ते हप्ते कात्रणं करून ठेवावेत असे.

तुमच्या लक्षात आलं असेल की या यादीत एक अंतःपुर नाही. सौदीचं. आपल्याकडे म्हण आहे ना, आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. ‘अल-हयात’चं राजकारण एका ओळीत सांगायचं तर हेच. दमास्कसची राजवट, इराणचे मुल्ला, सुदानचे लष्करशहा, कैरोची नोकरशाही, यांच्याविषयी जे पाहिजे ते लिहा, आणि लिहिणारे उत्तम लिहायचे. विषय रियाधच्या जितका जवळ येई तितका आवाज खाली जाई. गादीचा वारस कोण, संरक्षणखात्याच्या खरेदीत कोणाला किती मिळालं, हे तर सोडाच.

आता कोणी म्हणेल, मग हा ढोंगीपणा झाला. मी इतक्या लवकर शिक्का मारणार नाही. बंधन कुठे आहे हे लेखकाला ठाऊक होतं, संपादकाला होतं, वाचकालाही होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार नव्हता. वाचक सौदीच्या बातमीसाठी हा पेपर घेतच नव्हता; लेबनॉन, इराक, अल्जीरियासाठी घ्यायचा. बगदादमधल्या किंवा अलेप्पोतल्या वाचकाला स्वतःच्या देशाबद्दल घरच्या पेपरात जे मिळत नव्हतं ते इथे मिळे. त्याच्या दृष्टीने तो पेपर स्वतंत्रच होता. प्रश्न आहे तो रियाधमधल्या वाचकाचा, ज्याला सगळ्या जगाचं मिळालं, फक्त स्वतःचं नाही.

शिवाय मालकी सौदी असली म्हणून सौदी सरकार नेहमी खूश होतं असंही नाही. २००५ पासून सौदीसाठी वेगळी आवृत्ती निघू लागली आणि तिथले स्थानिक विषय पानांवर आले. ऑगस्ट २००७ मध्ये याच पेपरवर सौदीत काही दिवस बंदी आली. मालक राजपुत्र, तरी बंदी. राजघराणं म्हणजे एक माणूस नव्हे, तिथे चुलते-पुतणे, खाती आणि गट होते. ‘अल-हयात’ त्यातल्या एका शाखेचा आवाज होता. हे आपण फार वेळा विसरतो आणि ‘सौदी पेपर’ म्हणून मोकळे होतो.

बाहेरच्या शत्रूंचीही त्याला कमी नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये लंडनच्या कार्यालयात टपालाने पाकिटं आली. आत संगीत वाजणारी नाताळची भेटकार्डं आणि त्यात स्फोटकं. पाकिटांवर अलेक्झांड्रियाचा शिक्का. एक पाकीट फुटून दोन सुरक्षारक्षक जखमी झाले. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या कार्यालयांतही तशीच पाकिटं पोहोचली होती.

शेवटाकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. जमाल खाशोगी हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. हे सौदी पत्रकार ‘अल-हयात’चे स्तंभलेखक होते. बंडखोर नव्हेत, दरबाराच्या उंबरठ्याच्या आत राहून सुधारणा सुचवणारे. नोव्हेंबर २०१६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका कार्यक्रमात ते नव्याने निवडून आलेल्या ट्रम्प यांच्याबद्दल काहीतरी कडू बोलले. लगेच सौदी सरकारने जाहीर केलं की हा माणूस आमचा प्रतिनिधी नाही, आणि त्यांचं लेखन थांबलं. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झालं, पण सप्टेंबर २०१७ मध्ये कायमचं बंद. हे दुसऱ्यांदा बंद करताना जाहीर कोणी केलं? संपादकाने नव्हे, खुद्द मालकाने, राजपुत्र खालिद यांनी. तीस वर्षं ज्या पडद्याआड मालक बसला होता तो पडदाच त्याने बाजूला सारला. माझ्या मते पेपरचा खरा मृत्यू त्या दिवशी झाला. तोवर लाल रेघ कोणती हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती संपादकाच्या टेबलावर आखली जायची. त्यामुळे लेखकाला एक आब होता आणि वाचकाला एक आडोसा.

त्याच महिन्यात खाशोगी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहू लागले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी ते इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेले आणि बाहेर आले नाहीत. वकिलातीच्या आतच मृत्यू झाला हे सौदीने मान्य केलं ते २० तारखेला. मधले अठरा दिवस सौदी मालकीची अरबी पत्रं आणि लंडनचंच ‘अल-कुद्स अल-अरबी’ शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ‘अल-कुद्स अल-अरबी’ पॅलेस्टिनी पत्रकारांनी १९८९ मध्ये काढलं, अब्दुल बारी अतवान २०१३ पर्यंत त्याचे संपादक होते, आणि आता ते कतारच्या बाजूचं मानलं जातं. एकीकडे इन्कार आणि कतार-तुर्कस्तानच्या कटाची भाषा, दुसरीकडे तुर्की तपासाचा प्रत्येक तपशील. कतारच्या स्वतःच्या भानगडींवर मात्र या दुसऱ्या पत्राची तितकी नजर नसते. म्हण त्यांनाही लागू आहे.

‘अल-हयात’ तोवर खंगलं होतं. खालिद यांचे वडील सुलतान २०११ मध्ये वारले, खालिद यांचं उपसंरक्षणमंत्रिपद २०१३ मध्ये गेलं, आणि २०१५ नंतर सौदीची सत्ता एका हाती येत गेली. राजघराण्याच्या निरनिराळ्या शाखांनी निरनिराळे पेपर पोसावेत असा तो काळ राहिला नाही. शाखाच उरल्या नाहीत म्हटल्यावर शाखेचा आवाज कशाला? छापील जाहिराती आटल्या होत्या हेही खरं, सगळ्या जगात आटल्या. पण तोट्यात हा पेपर पहिल्यापासूनच होता आणि तो तोटा भरून देणारा मालक होता. भरायचं कारण गेलं. २०१८ मध्ये बैरूत आणि लंडनचा कारभार गुंडाळला, पसारा दुबईला हलवला आणि २०२० मध्ये तोही थांबला. पगार थकलेले कर्मचारी न्यायासाठी झगडत राहिले. राजपुत्राच्या पेपरात पगार थकतो, हे बैरूतच्या जुन्या पत्रकारांना सर्वांत जास्त लागलं.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘मग आज अरबीतलं कोणतं पत्र विश्वासाने वाचावं?’ शरबेल २०१७ पासून ‘अश्शर्क अल-अवसत’चे संपादक आहेत, सागियाही आता तिथेच लिहितात, तेव्हा लेखणी बरीचशी तीच आहे. इराक, सीरिया, लेबनॉनसाठी ते वाचा. सौदीसाठी ‘अल-कुद्स अल-अरबी’ वाचा आणि कतारसाठी परत ‘अश्शर्क अल-अवसत’. लेबनॉनच्या घरच्या राजकारणाला मात्र बैरूतचंच ‘अन्नहार’ हवं, आणि त्याच्या शेजारी हिजबुल्लाह या लेबनॉनमधल्या सशस्त्र शिया संघटनेकडे झुकलेलं ‘अल-अखबार’ ठेवा. खर्च वाढेल, पण संकेतस्थळांवर यातलं बरंचसं फुकट आहे. पुढची चिठ्ठी घेऊ.