वाटपाच्या खुर्च्या आणि मोजपट्टी

(सेवाभावी मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘व्हीलचेअर दुरुस्तीचा दिवस कसा भरवावा’. त्याकडे येतोच. पण दुरुस्त करायची ती खुर्ची मुळात त्या माणसाच्या मापाची हवी, आणि तिथेच आपलं घोडं पेंड खातं. म्हणून आधी पाच मिनिटं वाटपाबद्दल.

वाटप कसं होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. खुर्च्या सगळ्या एकाच मापाच्या, प्लास्टिकचं वेष्टण तसंच, कारण फोटोत चकाकी येते. प्रत्येक पाठीवर देणगीदाराचं नाव. पाहुणे उशिरा येणार, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते मांडवाच्या कडेला उन्हात. स्टेजला चार पायऱ्या, रॅम्प नाही. म्हणजे व्हीलचेअर स्वीकारायला माणसाला चौघांनी उचलून वर न्यायचं! (हशा) हसलात, म्हणजे पाहिलंय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शिका काढली. तिच्यात आठ टप्पे आहेत: नोंद, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, बसवून पाहणं, वापर शिकवणं, आणि शेवटी देखभाल-दुरुस्ती व पाठपुरावा. आपला कार्यक्रम चौथ्या टप्प्यावर सुरू होतो आणि तिथेच आभारप्रदर्शन होतं.

गंमत पाहा. घडीची व्हीलचेअर, खाली फुलीसारख्या नळ्या असलेली, १९३३ साली अमेरिकेत बनली. हर्बर्ट एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेले. त्यांना मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची हवी होती. मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्या साथीने त्यांनी ती केली. म्हणजे आज आपण घाऊक वाटतो तो नमुना मुळात एका माणसाच्या गरजेतून आला. असो.

आता माप. वाटपात सर्रास येते ती दवाखान्यातली खुर्ची: सीट १८ इंच रुंद, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, आणि १६ इंच खोल, म्हणजे ४० सेंटिमीटर. समजा तिच्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी बसवली. तिचा कमरेखालचा घेर नव्हे, बसल्यावरची रुंदी भरते २७ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर मोकळी जागा. ती एका कुशीला कलंडते, तशीच तासन्‌तास बसते आणि पाठीचा कणा हळूहळू त्या बाजूला वळतो. हात चाकापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ढकलायला कायम आई. सीट खोल असल्यामुळे तिची कंबर खुर्चीच्या पाठीला टेकतच नाही. गुडघ्याची मागची बाजू सीटच्या कडेला अडते आणि ती पुढे घसरत जाते. पाठीला पोक येतं, भार माकडहाडावर पडतो. पाय लोंबकळतात. घरचे मग ओढणीने छातीशी बांधतात. ही खुर्ची मिळायच्या आधी ती भिंतीला टेकून बरी बसत होती. आठ नंबरची चप्पल अख्ख्या शाळेला वाटावी, तसला हा प्रकार.

मोजायला लागतं काय? शिंप्याचा टेप आणि दोन जाड वह्या. माणसाला कडक, सपाट बाकावर बसवा. दोन्ही कुशींना वह्या उभ्या धरा, दोहोंमधलं अंतर ती सीटची रुंदी. ‘पुढे अंगाने भरेल’ म्हणून वाढवायची नाही. दुसरं माप कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा केले की सीटची खोली. एक पाय आखूड असेल तर आखूड पायाचं माप धरायचं, इथे बरेच जण चुकतात. तिसरं गुडघ्यामागून टाचेपर्यंत, पायात नेहमीची पादत्राणं घालून. फूटरेस्ट यावर ठरतो, आणि तो जमिनीपासून किमान ५ सेंटिमीटर वर हवा, नाहीतर पहिल्याच उंबऱ्याला अडकेल. चौथं खुर्चीच्या पाठीचं. स्वतः चाक फिरवणाऱ्याला ती खांद्याच्या पात्याखाली संपणारी हवी, म्हणजे हात मागे मोकळा जातो.

आणि उशी. मणक्याला इजा झालेल्याला बुडाखाली पुष्कळदा काही जाणवत नाही, त्यामुळे उशीविना खुर्ची म्हणजे जखमेला आमंत्रण. गादीचा मऊ फोम चालत नाही, तो लवकरच दबून पापड होतो. उशीवर बसवल्यावर आपली बोटं बैठकीच्या हाडाखाली सरकवून बघायची, अर्थात विचारून. बोटाचं टोक पाचेक मिलिमीटर वर-खाली हलतं, तर ठीक. बोट अडकलं, तर उशी बदला. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. गडद डाग, ऊब, कडकपणा हाताने चाचपायला घरच्यांना शिकवा. आणखी एक: ५ सेंटिमीटरची उशी घातली की माणूस तेवढा वर येतो आणि फूटरेस्ट, आर्मरेस्ट सगळं पुन्हा जुळवावं लागतं. उशी टाकून निघून जाणारे इथे फसतात.

जयपूर फूटकडे बघा. हे कृत्रिम पाय बसवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये स्थापन झाली. तिथे पाय काय गठ्ठ्याने वाटतात? माप घेतात, साचा करतात, चालवून बघतात. पाय मापाशिवाय देता येत नाही हे सगळ्यांना पटतं. खुर्चीला मात्र...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय: सात मिनिटं. (हशा) तर दुरुस्तीचा दिवस, भराभर.

महिन्यातला एक ठरलेला रविवार, तळमजला, जवळ स्वच्छतागृह. खुर्ची एकटी घ्यायची नाही, माणूस सोबत हवा. नाहीतर तो दिवसभर घरी जमिनीवर बसून राहील. त्याच्यासाठी दोन जादा खुर्च्या तयार ठेवा. चार टेबलं: नोंद, तपासणी, दुरुस्ती, बसवून पाहणं. शेवटच्या टेबलावर फिजिओ हवाच. दुरुस्तीला आयटीआयची मुलं आणि गल्लीतला सायकलवाला, त्याला त्याची मजुरी देऊन.

तपासणीत पहिली हवा, मग ब्रेक. ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून येणाऱ्या खुर्चीत पुष्कळदा हवाच कमी असते; टायर बसला की ब्रेकचा दांडा त्याला टेकत नाही. आधी ब्रेक आवळाल, तर हवा भरल्यावर चाक जाम. दुसरं, पुढची छोटी चाकं. आसाला केस आणि दोरे गुंडाळून बेअरिंग अडकतं. चाक काढा, ब्लेडने कापा, पुसा, ग्रीस भरा. तिसरं, रेक्झिनची सीट. झोळ पडला की गुडघे आत येतात. जाड कॅनव्हास दुहेरी शिवून बदला. चौथं, फुलीच्या नळ्यांचे जोड. तडा दिसला तर रस्त्यावरच्या वेल्डिंगला नेऊ नका, नळी पातळ असते, भोक पडतं. ती खुर्ची बाद करून सुट्या भागांना ठेवा.

सामान: १० ते १५ नंबरचे पाने, ॲलन की, पक्कड, स्पोकची किल्ली, पंक्चरचं साहित्य, पंप, ग्रीस, नायलॉनवाले नट. टायर आणताना नुसतं ‘२४ इंची’ म्हणू नका. सायकलच्या आणि व्हीलचेअरच्या २४ इंचीत रिमचा व्यास वेगळा निघू शकतो. जुन्या टायरच्या कडेवर ३७-५४० असा आकडा असेल, तो दुकानात दाखवा.

पैशाचं एकच: दहा खुर्च्यांची देणगी आली, तर सात घ्या आणि उरलेल्यात उशा, टायर आणि फिजिओचं मानधन बसवा. देणगीदाराला हे पैसे घेण्याआधी सांगायचं. नाव कुठे घालायचं म्हणून तो विचारेल, तर दुरुस्तीच्या टेबलावर मोठ्ठा बॅनर लावा, माझी हरकत नाही.

मापाचे कोरे तक्ते दाराशी ठेवलेत, जाताना घेऊन जा. प्रश्न चहाबरोबर घेऊ.