३६६वा दिवस

(काळा पडदा. मधोमध हातात मावेल एवढ्या यंत्राची स्क्रीन. तिच्यावर लोगो. तो हलत नाही.)

३१ डिसेंबर २००८. अमेरिकेत वर्षाचा शेवटचा दिवस. खिशातून म्युझिक प्लेअर काढावा, बटण दाबावं, तर स्क्रीनवर नुसता लोगो. मेनू नाही, गाणं नाही. दुसरं बटण दाबा, तिसरं दाबा, काही फरक नाही.

यंत्राचं नाव झून. आयपॉडला टक्कर द्यायची म्हणून मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आणलेलं. त्यातलं ३० जीबीचं मॉडेल त्या दिवशी गोठलं. ठिकठिकाणहून, एकाच दिवशी, एकच तक्रार. यंत्र कुणाच्या हातून पडलं नव्हतं, पाण्यात भिजलं नव्हतं. व्हायरसही नव्हता.

कंपनीने उपाय सांगितला तो ऐकण्यासारखा आहे. बॅटरी पूर्ण उतरू द्या. १ जानेवारीला ग्रीनिच वेळेप्रमाणे दुपारचे बारा वाजून गेले की चार्जिंगला लावा आणि चालू करा. थोडक्यात, उद्या या! सरकारी कचेरीत ऐकून सवय असलेलं हे उत्तर इथे मात्र शंभर टक्के खरं ठरलं.

(पडदा पांढरा. कोरा कागद, शेजारी पेन्सिल.)

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्यांना मी हीच गोष्ट आधी सांगतो. चूक होती जेमतेम दहा ओळींच्या तुकड्यात, आणि नवशिक्याला लागणारं जवळजवळ सगळं त्या दहा ओळींत आहे.

स्क्रिप्ट म्हणजे सूचनांची फाइल. यंत्र ती वरून खाली वाचतं, एका वेळी एक सूचना. ही झाली सरळ चाल. दुसरी चाल जर–तरची, म्हणजे अट तपासून वाट निवडणं. तिसरी जोपर्यंत–तोपर्यंतची, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं. हिलाच लूप म्हणतात. कोराडो बोम आणि ज्युसेप्पे जाकोपिनी या दोन इटालियन अभ्यासकांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं, की प्रोग्रॅम कितीही गुंतागुंतीचा असो, त्याचा प्रवाह या तीन चालींत मांडता येतो.

मराठी माणसाला यात नवीन काय आहे? ‘पाऊस थांबला तर निघू, नाहीतर इथेच जेवू.’ पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं इफ आणि एल्स ते हेच. ‘पाऊस थांबेपर्यंत इथेच बस’, हे झालं व्हाइल. फरक एवढाच, की संध्याकाळ झाली तरी पाऊस थांबला नाही, तर माणूस कुणाची तरी छत्री मागून घरी जातो. यंत्र बसून राहतं. त्याला बस म्हणून सांगितलेलं असतं.

(पडद्यावर एक आकडा : १०५९३)

झूनमधली घड्याळाची चिप प्रोग्रॅमला तारीख सांगत नसे, १ जानेवारी १९८० पासूनचा दिवसांचा आकडा सांगे. ३१ डिसेंबर २००८ ला तो होता १०५९३. यावरून वर्ष कोणतं ते काढायचं आहे. तुम्ही कसं काढाल? एकेका वर्षाचे दिवस वजा करत जाल, वर्षाचा आकडा एकेकाने वाढवत जाल, आणि एका वर्षापुरते दिवस उरले की थांबाल. प्रोग्रॅमही तेच करत होता. मराठीत मांडला तर तो असा दिसतो.

(पडद्यावर, एकेक ओळ उमटते.)

वर्ष = १९८०
जोपर्यंत दिवस > ३६५, तोपर्यंत :
    जर वर्ष लीप असेल, तर :
        जर दिवस > ३६६, तर :
            दिवसांतून ३६६ वजा कर
            वर्ष १ ने वाढव
    नाहीतर :
        दिवसांतून ३६५ वजा कर
        वर्ष १ ने वाढव

व्हिडिओ इथे थांबवा. ओळी पुन्हा वाचा. चूक दिसते का?

बहुतेकांना दिसत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. एकेक ओळ सुटी घेतली तर ती बरोबरच आहे. म्हणून कागद घ्या. दोन रकाने पाडा, एक दिवसांचा, एक वर्षाचा. आता ओळीवर बोट ठेवून यंत्र व्हा. याला ड्राय रन म्हणतात. कंटाळवाणा प्रकार आहे, पण माझ्या मते नवशिक्याने पहिल्या महिन्यात दुसरं काही नाही केलं तरी चालेल, हे करावं.

१०५९३ हे ३६५ पेक्षा मोठे. १९८० लीप. ३६६ पेक्षाही मोठे, म्हणून वजा करा. उरले १०२२७, वर्ष १९८१. हे लीप नाही, ३६५ वजा. उरले ९८६२, वर्ष १९८२.

(रकाने भरत जातात. पेन्सिलीचा वेग वाढतो. मग ती थबकते.)

वर्ष २००८. दिवस उरले ३६६.

३६६ हे ३६५ पेक्षा मोठे का? हो, चला आत. २००८ लीप आहे का? आहे. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे का? नाहीत. मग काय करायचं? काहीच लिहिलेलं नाही. वजाबाकी नाही, वर्ष वाढणं नाही. तुकडा संपला, परत वर. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे का? हो. लीप? आहे. ३६६ पेक्षा मोठे? नाहीत. ये रे माझ्या मागल्या. बॅटरी संपेपर्यंत झून हेच स्वतःला विचारत बसला होता.

लीप वर्ष म्हटलं की संशय जातो २९ फेब्रुवारीवर. तो बिचारा निर्दोष. त्या दिवशी २००८ चे ६० दिवस उरतात, ६० हे ३६५ पेक्षा मोठे नाहीत, लूप सुटतो. ३० डिसेंबरला ३६५ उरतात, तरीही सुटतो. झून बाजारात आल्यानंतरचं २००८ हे पहिलंच लीप वर्ष, आणि त्यातले ३६५ दिवस सुखाने गेले.

मग दुरुस्ती? पहिल्यांदा सुचतं ते असं, की ‘३६६ पेक्षा मोठे’च्या जागी ‘३६६ किंवा त्याहून मोठे’ करा. करून बघा कागदावर. ३६६ मधून ३६६ गेले, उरलं शून्य, वर्ष २००९. लूप सुटला खरा, पण तारीख निघाली २००९ सालचा शून्यावा दिवस. गोठलेलं यंत्र निदान दिसतं तरी, चुकीची तारीख गुपचूप पुढे जाते. हवी होती ती आतल्या ‘जर’ला जोडलेली आणखी एक वाट : नाहीतर, लूपमधून बाहेर पड. पायथॉनमध्ये त्या बाहेर पडण्याला ब्रेक म्हणतात.

(जुन्या टाइपरायटरचा आवाज.)

मार्च १९६८ मध्ये एट्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचं एक पत्र छापून आलं. प्रोग्रॅममध्ये वाटेल तिथून वाटेल तिकडे उडी मारायला लावणाऱ्या गोटू या आज्ञेविरुद्ध. पत्र गाजलं ते गोटूमुळे, पण त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळा आहे. स्थिर गोष्टींमधले संबंध माणसाला चांगले कळतात, काळात घडत जाणारी प्रक्रिया डोळ्यांपुढे आणायला मात्र तो कच्चा असतो. झूनच्या ओळी कागदावर निमूट पडलेल्या असतात तेव्हा ठीक दिसतात. त्या चालू लागल्यावर बिघडतात.

तुकडा कुठे संपतो हे डोळ्याला दिसावं म्हणून प्रत्येक भाषेची आपापली तऱ्हा आहे. पायथॉनमध्ये ओळ आत सरकवायची. सी मध्ये महिरपी कंस. युनिक्स या कार्यप्रणालीत टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘इफ’ची अक्षरं उलटी करून ‘फी’ लिहायचं, ‘केस’चं उलटं ‘एसॅक’. हा शेल लिहिणाऱ्या स्टीफन बोर्न यांनी ही पद्धत अल्गॉल ६८ या भाषेवरून उचलली. त्या हिशेबाने ‘डू’चा शेवट ‘ओडी’ व्हायला हवा, पण ओडी नावाची एक कमांड युनिक्समध्ये आधीच ठाण मांडून बसली होती. म्हणून तिथे ‘डन’ आलं. शेल शिकताना हे ‘डन’ विसरून मी खूप शिव्या खाल्ल्या आहेत, संगणकाच्या.

(टर्मिनलची खिडकी. एकच आकडा भराभर खाली सरकत जातो : १, १, १, १.)

हा माझा पहिला लूप. एक ते दहा आकडे छापायचे होते, आकडा वाढवायची ओळ राहिली. अशा वेळी घाबरू नका. कंट्रोल दाबून धरा, सी दाबा, लूप तुटतो. मग प्रत्येक वाटेवरून चालून बघा, की या वाटेने गेल्यावर अटीतला आकडा हलतो का? आणि तपासायला मधले, सोयीचे आकडे घेऊ नका. अटीत ३६५ आणि ३६६ असतील तर लीप वर्षाचे ३६५, ३६६ आणि ३६७ घाला.

झूनला कंट्रोल-सी नव्हतं. म्हणून बॅटरी उतरू द्यायची.

(पुन्हा काळा पडदा. छोटी स्क्रीन. लोगो.)

१ जानेवारी २००९. आकडा १०५९४. पेन्सिल पुन्हा १९८० पासून निघते आणि २००८ ला येते. दिवस उरले ३६७. ३६५ पेक्षा मोठे, हो. लीप, हो. ३६६ पेक्षा मोठे, हो. वजा करा. उरला एक. वर्ष २००९. एक हा ३६५ पेक्षा मोठा का?

(लोगो जातो. मेनू येतो.)