पाणी घालण्याआधी

[दृश्य: शेडमध्ये उलटा पसरलेला लाल गालिचा, त्याच्या पाठीवर फिरणारं यंत्र]

भिवंडीजवळची ही गालिचे धुण्याची शेड. गालिचा आला की आधी तो पालथा घालायचा. पाठीवरून हे थरथरणारं यंत्र फिरतं आणि खाली काय पडतंय ते बघा. या गालिच्यावर घरी नियमित व्हॅक्यूम फिरत होता, तरीही एवढं निघतंय.

चिमटीत घेतली तर ही बारीक, टोकदार कच आहे. ती लवेच्या, म्हणजे गालिच्याच्या वरच्या केसाळ थराच्या, बुडाशी जाऊन बसते आणि पाऊल पडेल तसतशी लोकर मुळाशी कापते. वरून गालिचा स्वच्छच दिसतो. थेट पाणी ओतलं असतं तर या सगळ्याचा चिखल होऊन गाठींमध्ये बसला असता. म्हणून आधी कोरडं काम. वेळखाऊ आहे, आणि घाईतला माणूस नेमकं हेच टाळतो.

[दृश्य: नखाएवढा धागा, चिमटा, लायटर]

आता धाग्याची ओळख. झालरीजवळून एक धागा काढून जाळायचा. केस जळल्याचा वास आला, ज्योत दूर केल्यावर धागा आपोआप विझला आणि राख बोटांत चुरली, की ती लोकर. हा दुसरा धागा कोपऱ्यातल्या क्रीम रंगाच्या गालिच्याचा. कागदासारखा भुरभुर जळाला. विकताना दुकानात याला ‘बांबू सिल्क’ म्हटलं होतं, आहे व्हिस्कोस, म्हणजे झाडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा. ओला झाला की व्हिस्कोसचा जोर जातो, लव झोपते, पिवळेपणा चढतो. दोन्ही गालिच्यांना एकच शाम्पू लावणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत.

[दृश्य: पांढरं सुती फडकं लाल नक्षीवर दाबलेलं. फडकं उचललं जातं.]

गुलाबी छटा दिसतेय? म्हणजे हा लाल रंग सुटणार. पाणी थंड हवं, द्रावण किंचित आम्लधर्मी हवं, आणि ओला गालिचा घटकाभरही तसाच ठेवून चालणार नाही. हा निर्णय फडक्याने दिला; यंत्राच्या किमतीचा त्याच्याशी संबंध नाही.

आपल्याकडे गालिचे धुवायला परवाना लागत नाही. यंत्र विकत घेतलं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, धंदा सुरू. म्हणूनच प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. सफाईचं काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी आयआयसीआरसी ही संस्था अमेरिकेत 1972 साली सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमात तंतू, रंग, सामू (पीएच), डागांचं रसायन शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि पुढे प्रमाणपत्राचं नूतनीकरणही करावं लागतं. ब्रिटनची वूलसेफ ही संस्था लोकरीला चालणारी रसायनं तपासून त्यांची यादी ठेवते. लोकरीला सामू साधारण 5 ते 8 मध्ये मानवतो. कपडे धुण्याची पावडर बहुधा 10 च्या आसपास असते. शिवाय त्यातली काही एन्झाइम्स प्रथिनं पचवणारी असतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर विरघळवूनच टाकतं.

[दृश्य: पाणी. आधी काळं, मग चहाच्या रंगाचं, शेवटी नितळ.]

लवेच्या दिशेने, मऊ ब्रशने, आणि वाहत्या पाण्यात. एका चौरस इंचात शंभर गाठी धरल्या, तर सहा बाय नऊ फुटांच्या या गालिच्यात 7,77,600 होतात. उत्तर प्रदेशात, गालिच्यांच्या भदोहीत कुणीतरी त्या एकेक करून बांधल्या आहेत.

[दृश्य: लाकडी फळीने पाणी ओढणारे दोघं. मग पंखे.]

मुंबईच्या हवेत खरी कसोटी सुकवण्याची. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के बाष्प पिऊनही हाताला ओली लागत नाही. वर कोरडी, आत ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) सूत दमट, हे नेहमीचंच. म्हणून इथे हात लावून बघण्यावर भागत नाही; ओलावा मोजायचं यंत्र पाठीला टेकवतात. गालिचा सपाट ठेवतात, दोन्ही बाजूंनी वारा खेळवतात आणि कडक ऊन टाळतात.

यातलं काही चुकलं तर रंग पसरतो, बुरशी धरते, सूत कुजतं, आणि ते परत येत नाही.

[दृश्य: कोपऱ्यातला क्रीम गालिचा पुन्हा गुंडाळला जातोय]

हा व्हिस्कोसचा गालिचा आज पाण्याखाली जाणार नाही. कोरड्या पद्धतीने जेवढं निघेल तेवढं काढतील, आणि चहाचा डाग राहील हे पावतीवर आधीच लिहून देतील. गिऱ्हाईक नाराज होतं, हेही इथल्यांना ठाऊक आहे.

[दृश्य: गळ्यातल्या ओळखपत्राचा क्लोजअप, नाव अस्पष्ट]

कंपनीच्या जाहिरातीतलं प्रमाणपत्र आणि दारात आलेल्या माणसाचं प्रमाणपत्र यांत फरक असतो. त्याचं स्वतःचं नाव असलेलं कार्ड मागा. आणि यंत्राची वायर सोडण्याआधी तो गालिच्याचा कोपरा उलटून बघतो का, तेही बघा.