बीजीएम 'कडक' आहे म्हणजे नेमकं काय? पार्श्वसंगीत ऐकायचं कसं

नमस्कार मंडळी!

सिनेमा सुटला की आपण अभिनयावर अर्धा तास भांडतो. कॅमेऱ्याबद्दल बोलतो. शेवट पटला की नाही यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मध्यरात्र होते. पार्श्वसंगीताच्या वाट्याला मात्र एकच विशेषण येतं: बीजीएम कडक होतं. नाहीतर, फार लाऊड होतं. विषय संपला.

मला हे खटकतं, कारण त्या संगीतानेच आपल्याला दोन-अडीच तास हाताला धरून फिरवलेलं असतं. म्हणून आज गेल्या काही वर्षांतले सिनेमे आणि मालिका घेऊन बोलू या. माझं म्हणणं आधीच सांगतो: पार्श्वसंगीत चांगलं की वाईट, हे हेडफोन लावून अल्बम ऐकताना ठरत नाही. ते प्रसंगात ठरतं. संगीत कुठे सुरू झालं, कुठे थांबलं आणि पडद्यावर दिसत नव्हतं असं काय त्याने मला सांगितलं, एवढं बघायचं. त्यासाठी गाणं शिकलेलं असावं लागत नाही.

क्लिप मी लावणार नाही, लगेच कॉपीराइटचा दावा येतो. त्याऐवजी ही पेटी समोर घेऊन बसलोय. का, ते आत्ता कळेल.

[पेटीचा क्लोज-अप]

'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. 2022चा जर्मन सिनेमा, दिग्दर्शक एडवर्ड बर्गर, विषय पहिलं महायुद्ध. सुरुवातीलाच हाइनरिश नावाचा एक सैनिक हल्ल्यात मारला जातो. त्याच्या अंगावरचा गणवेश उतरवतात. असे ढीगभर गणवेश गोळा होतात, धुतले जातात, मग एका मोठ्या दालनात ओळीने शिवणयंत्रांवर बसलेल्या बायका त्यांची भोकं शिवतात. आणि तोच गणवेश नव्याने भरती झालेल्या पाउलच्या हातात पडतो. कॉलरला दुसऱ्याच माणसाच्या नावाची चिठ्ठी आहे, हे त्या पोराच्या लक्षात येतं. त्याला सांगितलं जातं, कुणाला तरी मापाचा झाला नसेल.

या सगळ्यावर जे संगीत आहे ते फक्त तीन सुरांचं. तीन जाडजूड, खरखरीत, अंगावर येणारे सूर. पहिल्यांदा ऐकताना वाटतं हा सिंथेसायझर आहे, किंवा इलेक्ट्रिक गिटार कुणीतरी जोरात वाजवतंय. 1914-18च्या युद्धात हे कुठून आलं, असाही प्रश्न पडतो.

ती पेटी आहे. हार्मोनियम! संगीतकार फोल्कर बेर्टेलमान यांच्या पणजीची.

बेर्टेलमान 'हाउश्का' या नावाने ओळखले जातात. पियानोच्या तारांमध्ये वस्तू अडकवून त्याचा आवाज बदलायचा, ही त्यांची खासियत. इथे त्यांनी घरातली जुनी हार्मोनियम घेतली, तिचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून फाडून काढला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्यांनी माइक वाद्याच्या आत लावले.

हे म्हणजे काय, ते आता ऐका. मी एकही पट्टी दाबलेली नाही. नुसता भाता हलवतोय.

[भात्याचा आवाज, माइक जवळ]

ऐकू आलं? हवा आत येताना एक हलका सुस्कारा आहे, भाता दाबताना लाकूड कुरकुरतंय. आता पट्टी दाबतो, पण हवा न भरता. खट्. लाकडावर लाकूड. आपल्याकडे रेकॉर्डिंगला हेच आवाज येऊ नयेत म्हणून वादक आणि ध्वनिमुद्रक जिवाचं रान करतात. बेर्टेलमान यांना नेमके तेच हवे होते. वाद्य श्वास घेतंय, आतलं यंत्र हलतंय, हे ऐकू यायला हवं होतं.

आपल्या कानाला हे वाद्य किती ओळखीचं आहे बघा. हार्मोनियम मुळात युरोपातली, पायाने भाता मारायची. तीच आपल्याकडे येऊन मांडीसमोर बसणारी हातपेटी झाली. संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन होतेच. आपल्याला हा सूर नांदीचा वाटतो, भजनाचा वाटतो. जर्मनीत तो घरातल्या प्रार्थनेचा, छोट्या चर्चचा. म्हणजे त्यांच्यासाठीही तो घरचा, देवाचा सूर आहे, आणि त्याच सुराला त्या सिनेमात कारखान्याचा भोंगा केलंय.

आता एक गोष्ट करून बघा. डोळ्यांसमोर तोच प्रसंग आणा. रक्ताळलेले गणवेश, शिवणयंत्रं, नवा पोरगा. आणि त्यावर मनातल्या मनात एक करुण व्हायोलिन लावा. प्रसंग लगेच बदलतो. व्हायोलिन म्हणेल, बिचारा हाइनरिश. आपल्याला वाईट वाटेल, वाईट वाटून थोडं हलकंही वाटेल. ते तीन सूर मात्र कुणाचंच सांत्वन करत नाहीत. ते म्हणतात, हे चालूच राहणार, पुढचा कोण? त्या गणवेशाला आत कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही, हे पटकथेत कुणी बोलत नाही. संगीत बोलतं.

मी याला अदलाबदल म्हणतो. कुठल्याही प्रसंगावरचं संगीत मनात बदलून बघायचं. बदलून काहीच फरक पडला नाही, तर ते संगीत तिथे नुसतं भरलेलं आहे. फरक पडला, तर संगीतकाराने खरंच काहीतरी ठरवलं होतं. या सिनेमाला 2023 साली संगीताचं ऑस्कर मिळालं आणि माझ्या मते ते या तीन सुरांचंच आहे.

मग इतकं संगीत एकसारखं का वाटतं? यामागे कामाची एक पद्धत आहे. सिनेमाचं एडिटिंग सुरू असताना संगीत तयार नसतं. म्हणून एडिटर दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचं संगीत तात्पुरतं लावून प्रसंग कापतो. याला टेम्प ट्रॅक म्हणतात. आता दिग्दर्शक तीन-चार महिने तेच ऐकत बसतो. प्रसंगाची लय त्यावरच बसलेली असते. शेवटी संगीतकार येतो आणि त्याला सांगितलं जातं: असंच दे, पण हे नको. काय करेल तो? दोन सूर इकडचे तिकडे करून तेच देतो. एकाची नक्कल दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने, असं होत होत पाच वर्षांत सगळ्या ट्रेलरना आणि सगळ्या पाठलागांना एकच आवाज येतो. याचं जुनं, टोकाचं उदाहरण 1968चं आहे. '2001: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहून रेकॉर्ड केलं होतं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी ते बाजूला ठेवून आधीपासून लावलेलं पाश्चात्त्य अभिजात संगीतच कायम ठेवलं. नॉर्थ यांना हे कळलं ते सिनेमा बघायला गेल्यावर.

म्हणूनच उलट्या क्रमाने केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. 'जोकर', 2019. आइसलंडच्या हिल्दुर गुडनाडोटिर यांनी शूटिंगच्या आधी, नुसती पटकथा वाचून चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्याच घरातल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्यावर संगीत केलं. मेट्रोतल्या खुनांनंतर नायक पळत एका स्वच्छतागृहात शिरतो, आठवतंय? तिथे काय करायचं हे सेटवर जमत नव्हतं. दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी हिल्दुर यांनी पाठवलेला तुकडा लावला, आणि नायकाचं काम करणारा वाकीन फिनिक्स त्यावर हळूहळू नाचायला लागला. तो नाच संगीतामुळे जन्माला आला. म्हणून त्या प्रसंगात अदलाबदल करताच येत नाही, त्याचं अंग त्या चेलोने हलतंय.

त्याच वर्षी त्यांनीच 'चेर्नोबिल' ही अणुवीजकेंद्रातल्या 1986च्या अपघातावरची पाच भागांची मालिका केली. तिथे तर वाद्यंच घेतली नाहीत. मालिकेचं बरंच शूटिंग लिथुआनियातल्या इग्नालिना या बंद पडलेल्या अणुवीजकेंद्रात झालं. चेर्नोबिलमध्ये होती त्याच जातीची अणुभट्टी तिथे होती. हिल्दुर संरक्षक कपडे घालून आत गेल्या, सोबत क्रिस वॉटसन हे नामांकित ध्वनिमुद्रक होते. दारं, पंपांच्या खोल्या, मोठमोठ्या दालनांतला घुमारा, सगळं टिपलं. त्या आवाजांतून आणि स्वतःच्या गळ्यातून अख्खं संगीत उभं केलं.

ह्याचा अल्बम घरी लावून बसाल, तर अर्ध्या तासात कंटाळाल. मीही पूर्ण ऐकू शकत नाही. धून नाही, ठेका नाही. पण मालिकेत काय होतं? किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, पडद्यावर तो दाखवायचा कसा? अग्निशामक दलाचा जवान जमिनीवरचा काळा दगड हातात उचलतो, आपल्याला फक्त एक दगड दिसतो. पण हवेतच काहीतरी घुमतंय. ते संगीत आहे की केंद्राचाच आवाज, हे सांगता येत नाही, आणि तेच भीतीदायक आहे. जे दिसूच शकत नाही त्याला इथे आवाज दिलाय. याहून मोठं काम पार्श्वसंगीताकडून काय मागणार?

आता थांबण्याबद्दल. 'द झोन ऑफ इंटरेस्ट', 2023. पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या भिंतीला लागून राहणारं तिथल्या कमांडंटचं कुटुंब. मिका लेवी यांचं संगीत सुरुवातीला काळ्या पडद्यावर कितीतरी वेळ चालतं. मग घर, बाग, मुलं, जेवणं, यावर जवळपास कुठेच नाही. आपल्याला भिंतीपलीकडचं ऐकावं लागतं. त्या घरावर करुण संगीत असतं, तर आपण पडद्याकडे बघत राहिलो असतो आणि कान मिटून घेतले असते. साउंडचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं, ते योग्यच होतं.

आणि यासाठी पोलंडपर्यंत जायचीही गरज नाही. 'सैराट'च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन भलामोठा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. थिएटरात लोक नाचले, पडद्यावर पैसे उधळले. त्याच सिनेमाच्या शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. मूल रडतंय आणि ऐकू येत नाही. पहिला भाग एवढा गाजता ठेवला म्हणूनच ती शांतता एवढी लागते. संगीताचं मोजमाप करताना हे दोन्ही एकत्रच धरायला हवं.

याच मोजपट्टीने 'ओपनहायमर'बद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. लुडविग योरानसन यांनी केंद्रस्थानी व्हायोलिन ठेवलं. सुरुवातीला तरुण ओपनहायमरला अणूंचं जग दिसू लागतं, तिथला तुकडा अफाट आहे. त्यात 21 वेळा लय बदलते आणि तरी कुठे सांधा जाणवत नाही. बुद्धीचा वेग म्हणजे काय हे तिथे अंगात उतरतं. पण पुढे सुनावणीच्या खोलीत चार माणसं टेबलाभोवती बसून बोलतात, त्यावरही संगीत तसंच धावतंय. संवाद पुरेसे धारदार असताना त्यांना मागून ढकलायची गरज नव्हती. ऑस्कर मिळालं म्हणून हे बोलायचं नाही असं थोडंच आहे? आणि गंमत बघा, सिनेमातला सर्वांत मोठा क्षण, अणुबॉम्बच्या चाचणीचा स्फोट, तिथे वाढत वाढत गेलेलं संगीत थांबतं आणि नुसता श्वास उरतो. कुठे थांबायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर बाकीच्या ठिकाणी जास्त खटकतं.

पुन्हा पुन्हा तीच धून येणं हा दोष आहे का? 'ड्यून'च्या दुसऱ्या भागाचं हान्स झिमर यांचं संगीत ऑस्करच्या स्पर्धेतूनच बाद झालं, कारण त्यात पहिल्या भागातलं संगीत बरंच होतं. पुढच्या भागांच्या सिनेमांत जुनं संगीत 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. स्पर्धेसाठी तो ठीक असेल. पण ऐकणाऱ्याने तो पाळायची गरज नाही. धून परत आली तेव्हा तिच्यात काही बदललंय का, माणूस बदललाय आणि धून तीच आहे का, हे विचारा.

मालिकांत तर यावरच सगळं चालतं. 'सक्सेशन' या, वडिलांच्या उद्योगसाम्राज्यासाठी भांडणाऱ्या भावंडांच्या मालिकेचं शीर्षकसंगीत घ्या. निकोलस ब्रिटेल यांनी पियानो, तंतुवाद्यं आणि हिप-हॉपचा जाड ठेका एकत्र आणला. 2019 साली शीर्षकसंगीताचं एमी, म्हणजे टीव्हीचं ऑस्करच, मिळालं. पण खरी मजा भागांच्या आत आहे. त्याच सुरावटी कधी नुसत्या पियानोवर, कधी तंतुवाद्यांवर येतात, आणि भावंडं एकमेकांचा गळा धरत असताना संगीत मात्र खानदानी अदबीने चालू असतं. आपल्याकडे 'स्कॅम 1992'चं अचिंत ठक्कर यांचं शीर्षकसंगीत 2020मध्ये घराघरांत, रील्समध्ये, रिंगटोनला वाजलं. त्यावर कौतुक झालंच पाहिजे. फक्त शीर्षकसंगीत आवडलं म्हणजे मालिकेचं पार्श्वसंगीत आवडलं, असं गृहीत धरू नका. ही दोन वेगळी कामं आहेत. आणि कृपा करून 'स्किप इंट्रो' दाबू नका. पहिले दोन-तीन भाग तरी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. 'संगीत' म्हटलं की आपण गाणी धरतो. राष्ट्रीय पुरस्कारांत 2009च्या चित्रपटांपासून गाण्यांचा आणि पार्श्वसंगीताचा पुरस्कार वेगळा दिला जातो. त्या वर्षी पार्श्वसंगीताचा पुरस्कार इळयराजा यांना 'पळस्सी राजा' या मल्याळम सिनेमासाठी मिळाला. आपण प्रेक्षक मात्र अजून दोन्ही एकाच नावावर टाकतो. 'फँड्री'चंच बघा. अजय-अतुल यांचं शीर्षकगीत सगळ्यांना ठाऊक आहे. पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं होतं, ज्यांनी पुढे 'सेक्रेड गेम्स' आणि 'ज्युबिली'चं पार्श्वसंगीत केलं.

पुढचा व्हिडिओ त्यांच्यावर आहे. तोवर 'फँड्री' पुन्हा बघा. डुकरं पकडायचा तो लांबलचक प्रसंग आहे ना, ज्यात मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं? तिथे कागद-पेन घेऊन बसा. पार्श्वसंगीत कधी येतं, कधी जातं, राष्ट्रगीताच्या आधी काय ऐकू येतं आणि नंतर काय, हे लिहून ठेवा. मीही लिहून आणतो. आपण ताडून बघू.