पॅक-१२ का फुटली ते सोडा, कधी फुटली ते बघा

नमस्कार मंडळी! रटगर्सच्या, म्हणजे इथल्या न्यू जर्सीतल्या बिग टेनवाल्या युनिव्हर्सिटीच्या, मॅचचा व्हिडिओ टाकला आणि तुम्ही खाली खेळ सोडून सगळं विचारलंत. पार्किंग कुठे केलं, जॅकेट कुठून घेतलं, वडापाव मिळतो का स्टेडियममध्ये (नाही मिळत). आणि मग तो प्रश्न, जो एडिसनपासून नाशिकपर्यंत सगळे विचारतायत, की ताई, वॉशिंग्टनची टीम सिएटलहून एवढ्या लांब न्यू जर्सीत कॉन्फरन्सची मॅच खेळायला येतेच कशाला? आणि बिग टेन नावाच्या त्या कॉन्फरन्समध्ये १८ टीम कशा?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाव जुनं आहे, त्याचा ब्रँड झालाय, कोणी बदलत नाही. २०११ ते २०१३ या काळात तर बिग टेनमध्ये १२ टीम होत्या आणि बिग १२ नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये १०. चाललं लोकांना. आणि पहिल्याचं उत्तर म्हणजे पॅक-१२, वॉशिंग्टनची आधीची, पश्चिमेकडची कॉन्फरन्स. ती फुटली म्हणून. पुढे.

बेसिक भरभर सांगते. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी मिळून केलेला गट. एकमेकांशी खेळायचं, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, पैसे वाटून घ्यायचे. १९८४ पर्यंत फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचा हे एनसीएए (कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना) ठरवायची, मग ओक्लाहोमाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली आणि कॉन्फरन्सेस स्वतःच विकायला लागल्या. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला हां, कृपा करून खाली मेस्सी लिहू नका.

आणि अजून एक, ज्याने माझं डोकं फिरतं. "ओरेगन स्टेट हरली म्हणून खाली ढकलली का?" अहो नाही! इथे रेलिगेशन, म्हणजे हरलेल्यांना खालच्या गटात टाकणं, वगैरे काही नसतं. पॅक-१२ मधल्या ओरेगन स्टेटने २०२२ च्या सीझनमध्ये १० मॅच जिंकल्या आणि फक्त ३ हरल्या, आणि पुढच्याच वर्षी पॅक-१२ फुटली तेव्हा तिला कुठल्या मोठ्या कॉन्फरन्सने घेतलं नाही. चांगलं खेळण्याचा आणि याचा जवळजवळ संबंध नाहीये.

मग संबंध कशाचा? आता जरा नीट ऐका, कारण यूट्यूबवर सगळे "लोभ, लोभ" करत बसतात आणि हे सांगतच नाहीत. लोभ तर सगळ्यांनाच होता, तरी काही कॉन्फरन्सेस फुटल्या आणि काही नाही, हे कसं?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, एक्झिट फी, म्हणजे बाहेर पडायचा दंड. दुसरी, ग्रँट ऑफ राइट्स. यात कॉलेज आपल्या होम मॅचेसचे टीव्ही हक्क अमुक एका तारखेपर्यंत कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. तुम्ही सोडून गेलात तरी हक्क मागेच राहतात! माझ्या मामांची राजापूरला हापूसची बाग आहे, ती ते व्यापाऱ्याला काही वर्षांच्या कराराने देतात. आता मामा उद्या पुण्याला राहायला गेले तर कोण अडवणार, पण करार संपेपर्यंत आंबा व्यापाऱ्याचाच. म्हणून कोण कधी जाणार हे बघायचं असेल तर करार कधी संपतो ते बघा, एवढंच.

नाही पटलं? केस बघू. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी जुलै २०२१ मध्ये जाहीर केलं की आम्ही बिग १२ सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार. लगेच गेले का? नाही. बिग १२ चा करार २०२५ पर्यंत होता. शेवटी २०२४ मध्ये गेले, म्हणजे फक्त एक वर्ष लवकर, आणि त्या एका वर्षासाठी दोघांनी मिळून १० कोटी डॉलरवर पाणी सोडलं. एका वर्षाचे हं!

आता एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. त्यांचा ग्रँट ऑफ राइट्स २०३६ पर्यंत. फ्लोरिडा स्टेटला बाहेर पडायची इच्छा होती, इच्छा काय, तळमळ होती, पण त्यांना दुसऱ्या कॉन्फरन्सने घ्यावं कशासाठी? त्यांच्या होम मॅचेस तर विकताच येणार नाहीत, त्या एसीसीच्या ताब्यात. मग काय करणार, डिसेंबर २०२३ मध्ये गेले कोर्टात. मार्च २०२४ मध्ये क्लेमसनही गेली.

आणि आता पॅक-१२. १९१५ पासूनची परंपरा, "कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स" म्हणून मिरवणारी, आणि काही दिवसांत विरघळली. कारण? टीव्हीचा करार आणि हक्कांचा करार दोन्ही २०२४ च्या उन्हाळ्यात एकदमच संपत होते, आणि नवीन कशावरच सही झालेली नव्हती. दरवाजा उघडा. यूएससी आणि यूसीएलए यांनी ३० जून २०२२ ला सांगितलं की २०२४ ला आम्ही बिग टेनमध्ये. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो परत बिग १२ ला गेलं. मग कमिशनरने ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव आणला, त्यात जास्तीचे पैसे किती लोक सबस्क्राइब करतात यावर अवलंबून, आणि कॉलेजांच्या प्रेसिडेंट लोकांना त्याचा भरवसा वाटेना. ४ ऑगस्ट २०२३, एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं! नकाशा बघून मला आधी जोक वाटला होता.

आणि कुठल्या अटींवर गेले बघा. वॉशिंग्टन-ओरेगनला बिग टेनमध्ये सुरुवातीला बाकीच्यांच्या साधारण निम्मा वाटा. स्टॅनफर्ड-कॅलला पहिली सात वर्षं ३० टक्के. त्यांच्यासोबतच एसीसीत गेलेलं टेक्ससमधलं एसएमयू कॉलेज तर म्हणालं टीव्हीचे पैसे नऊ वर्षं नकोत, फक्त आत घ्या! (त्यांचे देणगीदार तगडे आहेत, त्यांना परवडतं.) इथे बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केलेला, म्हणजे त्यातला निम्मा वाटासुद्धा ॲपलच्या भरवशापेक्षा बरा, असा हिशोब.

एका काकांनी विचारलंय, मुलाला ॲरिझोना स्टेटला एमएससाठी ॲडमिशन मिळालीये, कॉन्फरन्स बदलली तर डिग्रीची किंमत कमी होईल का? काका, काही फरक पडत नाही. डिपार्टमेंट तेच, प्रोफेसर तेच, व्हिसा ऑफिसर हे विचारत नाही. शनिवारी समोरची टीम वेगळी असेल, बस्स.

ज्यांना फरक पडतो त्यांच्याबद्दल कोणी विचारतच नाही. वॉशिंग्टन पिस्कॅटवेला (रटगर्सचं गाव) आली ती शुक्रवारची रात्र होती, सप्टेंबर २०२४, रटगर्स २१-१८ जिंकली, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण फुटबॉलवाले चार्टर विमानाने येतात, आठवड्याला एकच मॅच. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय? सगळी करारबाजी फुटबॉलच्या पैशासाठी, आणि एअरपोर्टच्या जमिनीवर बसून मिडटर्मचा अभ्यास करणार त्या. मला याचा खरंच राग येतो. फुटबॉल एकटा वेगळा काढा ना, बाकीचे खेळ जवळच्या कॉलेजांशी खेळू देत, कोणाचं काय जाणारे? आणि गंमत म्हणजे यूसीएलए गेल्यामुळे कॅलचं नुकसान झालं, दोन्ही एकाच सरकारी सिस्टिममधली, म्हणून रीजंट्सनी, म्हणजे त्या सिस्टिमच्या कारभारी मंडळाने, यूसीएलएला सांगितलं की वर्षाला १ कोटी डॉलर कॅलला द्या. लोक त्याला पोटगीच म्हणतात इथे.

मागे राहिल्या दोघी, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्या रडत बसल्या नाहीत हं. वॉशिंग्टन राज्याच्या कोर्टात गेल्या, म्हणाल्या जाणाऱ्यांनी बोर्डावर मत का द्यायचं, आणि जिंकल्या. नाव त्यांचं, तिजोरीही त्यांच्याच हातात. दोन टीमची कॉन्फरन्स दोन वर्षं चालवली, एनसीएएची तेवढी सवलत आहे. मग त्यांनी तेच केलं जे त्यांच्यासोबत झालं होतं! २०२४ मध्ये ज्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने त्यांना मॅचेस दिल्या, तिच्याच बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि युटा स्टेट उचलल्या. करारात टीम पळवल्याचा दंड लिहिलेला होता, माउंटन वेस्टने साडेपाच कोटी डॉलर मागितले, तर पॅक-१२ म्हणाली हा दंडच बेकायदेशीर. सही करताना दिसला नव्हता वाटतं. नवी पॅक-१२ सुरू व्हायची तारीख १ जुलै २०२६, टेक्सस स्टेट आणि बास्केटबॉलवाली गॉनझागा धरून.

"आता पुढे कोण फुटणार" असं रोज विचारता ना, तर परत तारखाच बघा. मार्च २०२५ मध्ये एसीसीने फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनशी तडजोड केली. आता एक्झिट फी भरली की हक्क सोबत घेऊन जाता येतं, म्हणजे ज्या दोन गोष्टी मघाशी वेगळ्या ठेवा म्हटलं त्या एसीसीने एकत्र बांधल्या. फी १६ कोटी ५० लाखांपासून दरवर्षी उतरत २०३०-३१ ला साडेसात कोटींवर येते. बिग टेनचा टीव्ही करार संपतो २०३० ला, बिग १२ चा २०३१ ला. सगळं एकाच सुमाराला.

खेळाडूंना आता कॉलेजं थेट पैसे देतात त्याचं काय, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय, तो विषय मोठा आहे, पुढच्या व्हिडिओत घेते. आणि जॅकेट सेलमध्ये घेतलं होतं, लिंक नाहीये.